रेंजचे आकडे नकोत, जुलैचं मोजमाप दाखवा

दर पावसाळ्यात कुठेतरी दरड येते नाहीतर पूर येतो, लाईट जाते, लाईट गेल्यावर टॉवरच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग डिझेल लागतं आणि डिझेलची गाडी आडव्या पडलेल्या झाडाच्या अलीकडे उभी असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात आलं, त्यानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस फोन लागत नव्हता, मुंबई-पुण्यातले चाकरमानी त्या बाजूला कोण जातंय का ते शोधत होते, म्हणजे घरच्यांची खुशाली तरी कळेल. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडालं, त्याच दिवशी तळियेवर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. आणि अशा प्रत्येक घटनेनंतर एक सूचना हमखास येते की टॉवर गेला तर गेला, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे ना, मग एका फोनवरून दुसऱ्या फोनवर, तिथून तिसऱ्यावर असा मेसेज का जात नाही, सरकार असं मेश नेटवर्कचं ॲप का आणत नाही.

सूचना मनापासून केलेली असते आणि कल्पनाही खरी आहे, पन्नास वर्षं जुनी आहे. माझं म्हणणं इतकंच की यात जनतेचा पैसा जरूर घाला पण ॲपवर घालू नका, आणि ब्रोशरवर छापलेल्या किलोमीटरवर तर मुळीच नको. तो घाला सड्यावर म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, शाळेवर, पाण्याच्या टाकीवर कायमच्या बसवलेल्या छोट्या नोड्सवर, म्हणजे मेसेज घेऊन पुढे देणाऱ्या रेडिओच्या डब्यांवर, आणि तोही फक्त तेव्हा जेव्हा प्रत्येक दोन नोडमधली लिंक भर पावसाळ्यात मोजलेली असेल आणि ते आकडे गावातल्या कोणालाही बघता येतील. हे असं का ते सांगायला थोडं टेक्निकल व्हावं लागेल पण वाचा, कारण या विषयातले निर्णय टेक्निकल आहेत या नावाखालीच आपल्याला न विचारता होतात.

मुळापासून बघू. अमेरिकेत आर्पा या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात पॅकेट रेडिओचे प्रयोग केले, गाड्यांमध्ये रेडिओ बसवून, टॉवरशिवाय एकमेकांमार्फत डेटा न्यायचा, छोट्या छोट्या तुकड्यांत, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. नव्वदच्या दशकात लॅपटॉप आले आणि विषयाने जोर धरला. १९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी डीएसडीव्ही नावाचा रूटिंग प्रोटोकॉल, म्हणजे मेसेजचा रस्ता ठरवायचे नियम, मांडला (हे भागवत म्हणजे ज्यांनी पुढे पुण्यात वायरलेस सिक्युरिटीची एअरटाइट कंपनी उभी केली तेच). मग डीएसआर आला, एओडीव्ही आला, ओएलएसआर आला, १९९७ पासून इंटरनेटचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये यासाठी वेगळा गट बसला. सगळ्यांचा प्रश्न एकच. नेटवर्कमधल्या मशीन्स फिरत्या आहेत, कोणाकडे नकाशा नाही, तर माझा मेसेज त्या माणसापर्यंत कोणाकोणाच्या हातून जाईल? एओडीव्हीमध्ये नोड आजूबाजूला ओरडून विचारतो की अमक्याकडचा रस्ता कोणाला माहितीये का, ऐकणारे तीच हाक पुढे देतात, ज्याला माहिती असेल तो उलट उत्तर पाठवतो, आणि रस्ता तुटला की तुटल्याची खबर मागे येते. छान आहे. पण एकापेक्षा जास्त रस्ते सापडले तर कुठला घ्यायचा, तर या सगळ्या सुरुवातीच्या प्रोटोकॉल्सचं उत्तर होतं की ज्यात मधले टप्पे कमी तो. एका नोडवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या टप्प्याला हॉप म्हणतात, कमीत कमी हॉपचा रस्ता तो चांगला.

इथेच घोळ आहे आणि हा घोळ नीट समजून घेतला की सरकारी खरेदीत काय चुकतं तेही कळतं.

समजा एका वाडीपासून ग्रामपंचायतीच्या ऑफिसपर्यंत थेट लिंक आहे, लांबची, डोंगराच्या कडेला घासून जेमतेम जाणारी. तिच्यावरून दोनातलं एक पॅकेट पोचतं. पोचल्याची पावती उलट दिशेने यावी लागते, तिचंही तसंच, दोनातली एक येते. म्हणजे पॅकेट गेलं आणि पावतीही आली असं व्हायची शक्यता अर्धा गुणिले अर्धा, पाव. सरासरी चार वेळा पाठवावं तेव्हा एक काम होणार. आता मध्ये सड्यावर एक नोड ठेवला आणि दोन्ही तुकडे दहातली नऊ पॅकेट्स नीट नेतायत, पावत्याही तशाच येतायत. मग एका तुकड्यासाठी ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, सरासरी सव्वा वेळा पाठवावं लागतं, दोन तुकड्यांचं मिळून अडीचच्या आत. चार विरुद्ध अडीच. थेट एसटी आहे पण चारातली एकच सुटते आणि दुसरीकडे एकदा गाडी बदलावी लागते पण दोन्ही गाड्या बऱ्यापैकी वेळेवर असतात, तर रोज जाणारा माणूस बदलूनच जातो. हॉप मोजणारा प्रोटोकॉल मात्र थेट गाडीसाठी स्टँडवर बसून राहतो.

त्यातही वाईट भाग असा की तो कमजोर लिंक नुसता चुकून निवडत नाही, मुद्दाम शोधून निवडतो. हॉप कमी हवेत म्हटलं की प्रत्येक हॉप लांबचा हवा, आणि लांबची लिंक म्हणजे जवळपास नेहमीच कमजोर लिंक. एमआयटीच्या लोकांनी, म्हणजे डी कुटो, अग्वायो, बिकेट आणि मॉरिस यांनी, २००३ मध्ये हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं. त्यांच्या बिल्डिंगमधल्या २९ नोड्सच्या नेटवर्कवर त्यांनी डीएसडीव्ही आणि डीएसआरमध्ये हॉपच्या जागी वर केला तोच हिशोब घातला, किती वेळा पाठवावं लागेल याचा, त्याला ईटीएक्स म्हणतात, आणि लांबच्या रस्त्यांवर वेग बऱ्याचदा दुप्पट किंवा त्याहून जास्त झाला. मशीन तीच, अँटेना तेच, हवा तीच. फक्त रस्ता निवडताना काय मोजायचं ते बदललं.

बर्लिनमध्ये फ्रायफुंक नावाची हौशी लोकांची चळवळ आहे, घरांच्या छतांवर राऊटर लावून शहरभर मोफत नेटवर्क करणारी. त्यांनी ओएलएसआर घेतला, २००३ मध्ये तो आयईटीएफचा अधिकृत दस्तऐवज (आरएफसी) म्हणून छापूनही आला होता, कागदावर अगदी व्यवस्थित. छतांवर तो चालेना. रस्ते सारखे तुटायचे, कारण कधीतरी एखादं पॅकेट येणाऱ्या लांबच्या लिंकलाही तो शेजारी मानायचा. मग त्यांनी स्टँडर्डमधली हुशारी एकेक करून बंद केली, ईटीएक्ससारखं लिंकचं मोजमाप आत घातलं, तेव्हा नेटवर्क स्थिरावलं, आणि पुढे त्यांनी स्वतःचा बॅटमन नावाचा प्रोटोकॉलच लिहिला. स्वयंसेवकांना हे जमलं कारण नेटवर्क पडलं की शिव्या त्यांनाच पडायच्या, रोज. आपल्याकडे आपत्कालीन म्हणून घेतलेली यंत्रणा वर्षातून एखाद्या दिवशी लागते आणि बाकीचे दिवस कपाटात असते, त्यामुळे ती चालत नाहीये हे नेमकं ज्या दिवशी कळतं त्या दिवशी कळून काही उपयोग नसतो.

स्वीडनमध्ये उप्सालाच्या संशोधकांनी २००२ मध्ये अजून एक गोष्ट पकडली होती. शेजारी आहे का हे बघायला नोड्स एकमेकांना छोटं हॅलो पॅकेट पाठवतात. ते लहान असतं, सगळ्यात कमी वेगाने पाठवलेलं असतं, म्हणून लांबवर पोचतं. खरा डेटा मोठा आणि जास्त वेगाने जाणारा, तो तितका लांब पोचत नाही. म्हणजे अशी एक पट्टी तयार होते जिथे प्रोटोकॉलला वाटतं की लिंक आहे आणि मेसेज मात्र एकही जात नाही. आता डेमो आठवा. विक्रेता डोंगरावर उभा राहतो, स्क्रीनवर समोरचा नोड हिरवा दिसतो, सगळे टाळ्या वाजवतात. तो हिरवा ठिपका हॅलोचा असतो. हजार पॅकेट्स दोन्हीकडून पाठवून किती पोचली ते कोणी विचारत नाही, आणि खरेदी समितीत ते विचारणारा माणूसच नसतो.

डार्टमथ कॉलेजच्या लोकांनी २००३-०४ च्या सुमाराला या क्षेत्रातल्या चुकीच्या गृहीतकांची एक यादीच काढली होती. जमीन सपाट आहे. रेडिओ पोचतो ते क्षेत्र गोल आहे. सगळ्या रेडिओंची ताकद सारखी. मला तू ऐकू येतोस म्हणजे तुलाही मी ऐकू येतो. ऐकू येतंय म्हणजे पूर्ण ऐकू येतंय. सिग्नल फक्त अंतराप्रमाणे कमी होतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर कोणीही राहणारा माणूस यातलं एकेक वाक्य खोटं आहे हे शपथेवर सांगेल, जिथे समोरच्या डोंगरावरचा टॉवर डोळ्यांना दिसतो आणि घळीतल्या घरात रेंज येत नाही, फणसाखाली उभं राहून बोलता येतं आणि पडवीत येत नाही. तरीपण आपल्या टेंडरांमध्ये अजून त्रिज्या लिहिलेली असते, इतके किलोमीटर त्रिज्येत कव्हरेज.

आता दुसरी बाजू. इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग ॲपमध्ये ईटीएक्स घाला, झालं. नाही होत. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या ड्रेव्ह्ज, पाध्ये आणि झिल यांनी वेगवेगळे हिशोब शेजारी शेजारी ठेवून तपासले. नोड्स स्थिर असताना ईटीएक्स जिंकला. पण पाठवणारा चालायला लागला की साधा हॉप मोजणारा प्रोटोकॉल लिंक मोजणाऱ्या सगळ्यांच्या पुढे गेला! कारण सरळ आहे, लिंकचा दर्जा काढायला थोडा वेळ पॅकेट्स पाठवून सरासरी काढावी लागते, मूळ ईटीएक्समध्ये दर सेकंदाला एक असं दहा सेकंद बघतात, आणि माणूस तेवढ्यात वळण ओलांडून गेला तर हातात राहते ती मागच्या जागेची सरासरी. मेलेल्या लिंकला चांगले मार्क दिलेले असतात. खूप वेगाने मोजायला गेलो तर मोजण्याचीच गर्दी होते आणि फोनची बॅटरी, जी त्या दिवशी सोन्याच्या किमतीची असते, मोजण्यातच संपते.

मला वाटतं या संपूर्ण विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच आहे, आणि त्यावरूनच धोरण ठरायला हवं. जे हलतं त्याची लिंक धड मोजता येत नाही, म्हणून जे हलतं त्याच्यावर पुढे नेण्याचं काम टाकू नका. लोकांचे फोन फक्त टोकाला ठेवा, जवळच्या नोडशी एका उडीत बोलणारे, आणि पाठीचा कणा न हलणाऱ्या, मोजलेल्या, पावसाळा बघितलेल्या नोड्सचा करा. फोन ते फोन हे स्वप्न मलाही आवडतं, पण पुरात छातीएवढ्या पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या खिशातल्या फोनवर दुसऱ्याच्या आईचा मेसेज अवलंबून ठेवणं मला पटत नाही.

हाँगकाँगमध्ये २०१४ च्या आंदोलनात फायरचॅट हे इंटरनेटशिवाय फोन ते फोन मेसेज नेणारं ॲप चाललं ना, असं लगेच कोणी सांगतं. चाललं, कारण तिथे एका रस्त्यावर हजारो माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, ब्लूटूथला थोडेच मीटर पुरतात. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीच्या आठ वाड्या असतात, दोन वाड्यांमध्ये कधी ओढा, कधी अख्खा डोंगर, आणि अर्ध्या घरांना कुलूप कारण माणसं मुंबईत. तिथे गर्दी नाहीये, म्हणून गर्दीवर चालणारी गोष्ट तिथे चालणार नाही. हैतीच्या २०१० च्या भूकंपानंतर ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीच्या पॉल गार्डनर-स्टीफन यांनी सर्व्हल नावाचा प्रकल्प सुरू केला, हेच फोन टू फोन स्वप्न घेऊन, आणि मनापासून काम केलं. त्यांनाही अडचण आली की साधा अँड्रॉइड फोन वायफायचा ॲडहॉक मोड, म्हणजे राऊटरशिवाय फोन थेट एकमेकांशी जोडणं, वापरू देत नाही, त्यासाठी फोन रूट करावा लागतो म्हणजे कंपनीची कुलपं तोडावी लागतात, आणि वायफायची पोच तशीही थोडीच. शेवटी त्यांनी मेश एक्स्टेंडर म्हणून एक छोटा डबा केला ज्यात वायफाय आणि लांब जाणारा रेडिओ दोन्ही, आणि तो वानुआतू बेटांवर नेऊन बघितला. म्हणजे फोनवरच सगळं करायचं म्हणून निघालेले लोकही एका ठिकाणी बसणाऱ्या डब्यापाशी आले.

हल्ली मेश्टॅस्टिकवाले पुष्कळ झालेत, म्हणजे लोरा हा कमी विजेवर लांब पोचणारा छोटा रेडिओ आणि त्यावर मेश्टॅस्टिक हे मेशचं सॉफ्टवेअर घेऊन ट्रेकिंगला जाणारे, आपल्याकडेही आहेत, आणि माझ्या मते त्यांचं काम मोलाचं आहे. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा २००५ पासून ठराविक पॉवरच्या आत लायसनशिवाय वापरता येतो आणि ही लहर झाडीतून वायफायपेक्षा बरी जाते. पण यातही बघा की रूटिंग कसं होतं. सगळ्यांसाठी सोडलेला मेसेज ऐकणारा नोड, दुसऱ्या कोणी तो आधीच पुढे दिलेला ऐकू आला नाही तर, पुन्हा प्रसारित करतो, मर्यादा तीन हॉपची असते, वाढवून सातपर्यंत नेता येते, आणि ज्याला सिग्नल कमजोर ऐकू आला, म्हणजे बहुतेक जो लांब आहे, त्याला आधी बोलायची संधी मिळते. ट्रेकवर हे झकास आहे, भराभर लांब पोचतं. पण गर्भवती बाईला खाली न्यायचंय, डोली पाठवा हा मेसेज मी अशा लांबच्या कमजोर उडीच्या भरवशावर सोडणार नाही, मला पोचल्याची पावती हवी आणि ती देणारा ठरलेला रस्ता हवा.

एक गोष्ट मराठीच्या वाटेची, जी कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. लोराच्या नेहमीच्या सेटिंगला वेग सेकंदाला साधारण हजार बिट इतकाच असतो आणि एका मेसेजमध्ये दोनशेच्या आसपास बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना मात्रा वेलांटी यांचे वेगळे तीन तीन. म्हणजे इंग्रजीत जो माणूस दोनशे अक्षरं लिहितो त्याच्या जागी आपल्या आजीला पासष्टच्या आसपास चिन्हं मिळतात, आणि तो एक मेसेज हवेत दीड-दोन सेकंद जागा अडवतो, तेवढा वेळ त्या टापूत बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. म्हणून ठरावीक मेसेजना आकडे द्यायला हवेत आणि ते आधीच गावात पाठ असायला हवेत, दरड, रुग्ण, पाणी चढतंय, सगळे सुखरूप, इतक्या माणसांची गरज. डब्याला चार मोठी बटणं असली तरी चालेल. हा विचार कुठल्याही परदेशी ॲपमध्ये कोणी आपल्यासाठी करून ठेवलेला नाही, आपल्यालाच करावा लागेल.

आणि क्षमतेबद्दल खरं बोलायला हवं. एकाच चॅनेलवर मधला नोड ऐकत असताना बोलू शकत नाही, त्यामुळे दोन हॉपला वेग अर्धा, तीनला साधारण तिसरा हिस्सा होतो. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली गणितानेच दाखवलं की असं नेटवर्क जसजसं वाढतं तसतसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटत जातो, अंदाजे नोड्सच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणून मेशवरून गावागावात व्हिडिओ कॉल असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. चार शब्द जातील, खात्रीने जातील, आणि त्या रात्री चार शब्दच हवे असतात.

आता पावसाळ्याचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. लोक म्हणतात पावसात सिग्नल जातो. वायफायच्या आणि लोराच्या लहरींना पावसाच्या थेंबांनी फारसं काही होत नाही, त्रास व्हायला लागतो तो दहा गिगाहर्ट्झच्या वर. त्रास देतात ती ओली पानं. आणि आपल्याकडे खरेदीचं वर्ष कसं चालतं? निधी जानेवारी-फेब्रुवारीत सुटतो, मार्च एंडच्या आत बिल निघायला हवं, म्हणून बसवणं आणि चाचणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याच महिन्यांत रायगड-ठाण्याच्या डोंगरातला साग अख्खा निष्पर्ण असतो! पलीकडची टेकडी सागाच्या काड्यांमधून आरपार दिसते, लिंक सुरेख लागते, फोटो निघतो, सही होते. जुलैमध्ये तोच साग सुपाएवढ्या पानांनी भरलेला, पानं ओलीचिंब, वाऱ्याने हलणारी, आणि त्याच लिंकवरून दहातलं एखादं पॅकेट जातं. वर सोलर पॅनेलला चार चार दिवस ऊन नाही. वानरांनी केबल ओढलेली. यातलं काहीही अचानक घडणारं नाही, गावातल्या कोणत्याही माणसाला विचारलं असतं तर त्याने फेब्रुवारीतच सांगितलं असतं.

आणि आनंदाची बाब ही की गावाकडे हे मोजून बसवणं शहरापेक्षा सोपं आहे. शहरातल्या मेशमध्ये, एमआयटीच्या छतांवरच्या रूफनेटमध्ये, बहुतेक लिंक धड चांगल्या ना धड वाईट अशा मधल्याच निघाल्या होत्या. त्यावरून सगळ्यांचा समज झाला की वायरलेस लिंक ही अशीच लहरी असते. आयआयटी मुंबईच्या भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी सहकाऱ्यांसोबत ग्रामीण नेटवर्कवर बरीच वर्षं काम केलंय, त्यांच्या मोजमापात असं दिसलं की बाहेरच्या वायफायची गर्दी नसेल तर लिंक बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागते, मिळणारा सिग्नल एका उंबरठ्याच्या पुरेसा वर असेल तर पॅकेट्स जातात, खाली गेला तर जात नाहीत, आणि शहरातला लहरीपणा मोठ्या प्रमाणात आजूबाजूच्या वायफायमुळे येतो. वाडीवर ती गर्दी नाही. मग काम एवढंच उरतं की त्या उंबरठ्याच्या वर पुरेशी शिल्लक ठेवायची, ओल्या सागाने खाल्लं तरी उरेल इतकी, आणि ती किती लागते हे जुलैमध्ये मोजल्याशिवाय कोणालाही, मलाही, सांगता येणार नाही.

हे मोजणार कोण? आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कित्येक वर्षं मॅनेटवर, म्हणजे अशा फिरत्या नोड्सच्या नेटवर्कवर, प्रोजेक्ट होतायत, मी ते जवळून बघितलेत, एनएस-२ या कॉम्प्युटरवर नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पन्नास नोड एका चौकोनात सोडायचे, ते यादृच्छिक फिरतात, एओडीव्ही आणि डीएसआरचे ग्राफ काढायचे, बाइंडिंग करून व्हायव्हाला जायचं. पोरांचा दोष नाही, जगभर हेच चाललं होतं. २००५ मध्ये या क्षेत्रातल्या एका नावाजलेल्या परिषदेच्या आधीच्या पाच-सहा वर्षांतल्या पेपर्सचा आढावा घेतला तर त्यातले पंधरा टक्केसुद्धा दुसऱ्याला पुन्हा करून बघता येतील असे लिहिलेले नव्हते. पण आता ही पोरं आहेत, त्यांना सी येतं, पायथन येतं, आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडच्या शेजारी आहे, रत्नागिरीला शासकीय पॉलिटेक्निक आहे. चौकोनातले काल्पनिक नोड पुरे झाले. जून ते सप्टेंबर खऱ्या दोन वाड्यांमधली एक लिंक दर तासाला मोजा आणि त्याचा लॉग उघडा ठेवा, यालाच प्रोजेक्टचे मार्क द्या. शंभर प्रोजेक्ट म्हणजे शंभर लिंक, म्हणजे कोणत्याही विक्रेत्याकडे नसलेली माहिती.

आक्षेप आहेत आणि त्यातला एक मला वजनदार वाटतो. सॅटेलाइट येतंय, स्टारलिंकला २०२५ मध्ये आपल्याकडे परवाना मिळाला, मग हे डबे कशाला? सॅटेलाइट जरूर आणा, पण ते तालुक्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठिकाणी एक येईल, प्रत्येक वाडीवर नाही, आणि वाडी ते ग्रामपंचायत हे शेवटचे दोन-तीन किलोमीटर तसेच राहतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रेड हुक भागात २०१२ च्या सँडी वादळात असंच झालं, तिथे एका स्थानिक संस्थेचं छोटंसं मेश आधीपासून छतांवर होतं, वादळानंतर केंद्रीय आपत्ती यंत्रणेने आपली सॅटेलाइट जोडणी त्या मेशला जोडून दिली आणि ती वस्तीत पसरली. मेश आधीपासून होतं हे महत्त्वाचं. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांच्या फोनवर तो मोठा आवाज करणारा चाचणीचा अलर्ट आला होता, ती यंत्रणाही चांगली आहे, पण ती टॉवरवरून येते आणि एकाच दिशेने, वाडीला उलट काही सांगायचं असेल तर तिचा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. मे २०२३ मध्ये केंद्राने चौदा मेसेजिंग ॲप्स बंद केली, त्यात ब्रायर होतं, जे इंटरनेटशिवाय ब्लूटूथ-वायफायवरून चालतं. सरकारची भीती मी उडवून लावत नाही. पण ही भीती अनोळखी ॲप्सबद्दल आहे, आणि मी जे मागतोय त्यात नोड ग्रामपंचायतीच्या आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नावावर आहे, तो कुठे आहे हे सगळ्यांना दिसतंय. उलट बंद ॲप विकत घेण्यात धोका जास्त, ब्रिजफाय या ब्लूटूथवरून मेसेज नेणाऱ्या ॲपमध्ये मेसेज वाचता येतील आणि माणसाचा माग काढता येईल अशा त्रुटी लंडनच्या रॉयल हॉलोवेच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवल्या होत्या, तोवर लोक ते सुरक्षित समजून आंदोलनांत वापरत होते. सोर्स कोड उघडा असणं ही अट म्हणूनच हवी.

तर टेंडरमध्ये काय लिहायचं ते सरळ सांगतो. त्रिज्या आणि किलोमीटर काढून टाका. त्याऐवजी लिहा की अमुक वाडी ते अमुक ग्रामपंचायत, दोन्ही दिशांनी, खऱ्या मेसेजएवढ्या आकाराची पॅकेट्स, जुलै महिन्यातल्या प्रत्येक दिवशी, शंभरात इतकी पोचलीच पाहिजेत. प्रत्येक नोडला किमान दोन मोजलेले शेजारी हवेत म्हणजे एक पडला तर दुसरा रस्ता असेल. उन्हाशिवाय किती दिवस चालतो ते उन्हाशिवाय चालवून दाखवा. बसवल्यावर निम्मेच पैसे द्या. लॉग गावाच्या नोटीस बोर्डावर लागू द्या, साध्या मराठीत, कुठली लिंक किती टक्के. १५ ऑगस्टला ग्रामसभा असतेच, तिथे जुलैचे आकडे वाचून दाखवा, जी लिंक पडली तिच्यासाठी नोड कुठे हलवायचा हे त्या डोंगरात गुरं चारणाऱ्या माणसाला विचारून ठरवा, आणि उरलेले निम्मे पैसे ग्रामसभेच्या सहीनंतर सोडा.